पाण्याची आणेवारी

पिकाची आणेवारी सगळ्यांना ठाऊक असते. सरकारी माणूस येतो, शेत पाहतो, यंदा पीक सहा आणे की बारा आणे ते लिहितो, आणि शेतसाऱ्याची सूट त्यावर ठरते. पूर्णेच्या काठी, केदारखेड्याच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावात पाण्याचीही आणेवारी लागत असे. ती कुठल्या दप्तरात नव्हती. पावसाळ्यात उतारू पलीकडे नेणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाच्या तोंडी होती. रोज सकाळी तो नदीवर जायचा, पाहायचा आणि एक आकडा सांगायचा. मी तो आकडा पहिल्यांदा ऐकला आणि त्याचा अर्थ उलटा लावला. त्यापायी माझ्या थोरल्या बहिणीची नोकरी जाता जाता राहिली.

निजामी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. खेड्यापाड्यांत नव्या शाळा निघत होत्या. मास्तर मिळत होते, मास्तरणी मिळत नव्हत्या. बहीण अध्यापनाचा कोर्स पास होऊन दोन वर्षं जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी बसून होती. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. शेवटी भाद्रपदात नेमणुकीचा कागद आला. पूर्णेपलीकडचं एक गाव, नवी कन्याशाळा. सोमवारी दुपारी बारापर्यंत हजर व्हावे, अन्यथा नेमणूक रद्द समजावी, असं त्यात लिहिलं होतं. कागद टपालात आठवडाभर रेंगाळला होता. आमच्या हाती पडला तेव्हा तीन दिवस उरले होते.

त्या तीन दिवसांच्या मागे आणखी एक गोष्ट होती. बदनापूरच्या एका घरून तिला मागणी आली होती. माणसं चांगली होती, पण सून बाहेर नोकरी करणार नाही हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. वडिलांनी त्यांना महिनाभर थोपवून धरलं होतं. या नेमणुकीचं काही झालं नाही तर होकार कळवायचा, असं घरात ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत ती नव्हती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि जालन्यातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांनी आपलं खिशातलं घड्याळ माझ्याकडे दिलं आणि वाटेतले निर्णय मी घ्यायचे असं सांगितलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती.

शनिवारी दुपारी मोटारीने आम्हाला फाट्यावर सोडलं. पुढे सडकेवरचा फरशीचा पूल पाण्याखाली होता आणि मोटार पुढे जाणार नव्हती. लांबच्या वाटेने वळसा घालायचा तर दोन दिवस, आणि त्या वाटेवरही दोन ओढे. ड्रायव्हरने सांगितलं, खाली दोन कोसांवर भोयाचा उतार आहे, तिथून तो नदीपार नेतो. चिखलातून चालत गावात पोचलो तोवर अंधारून आलं होतं. रात्री चावडीत पथारी टाकली. नदी दिसत नव्हती, पण तिचा आवाज सतत येत होता. जड, एकसारखा, चढउतार नसलेला. मी दोन-तीनदा उठून घड्याळ पाहिलं.

रविवारी सकाळी नदी पाहिली. उताराच्या समोर नेहमी म्हणे साठ-सत्तर पावलांचं पात्र असतं. त्या दिवशी ते चौपट होतं. पाणी गढूळ, काळ्या मातीच्या रंगाचं, काठोकाठ. एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट मधून वाहत गेलं. नजर त्याच्यामागे जाऊ लागली तोवर ते वळणाआड झालं होतं.

काठावर भोई, त्याचा चाळिशीचा पुतण्या आणि एक बांगड्यावाला होता. बांगड्यावाल्याला पलीकडच्या बाजाराला जायचं होतं. बाजूला सांगड ठेवली होती. साधी सुतळीने विणलेली बाज, म्हणजे खाट, आणि तिच्या खाली चारी अंगांनी बांधलेले वाळके भोपळे. उतारूंनी बाजेवर बसायचं, भोई आणि पुतण्याने दोन बाजूंनी पोहत ती ढकलत न्यायची. दुसरं साधन नव्हतं.

बांगड्यावाल्याने विचारलं, किती? म्हातारा म्हणाला, आठ.

आठ काय, असं मी विचारलं. बांगड्यावाल्याने समजावलं की आठ आणे पाणी. सोळा म्हणजे संपलं, आणि बाराच्या वर म्हातारा नदीत उतरत नाही. गावात तीस वर्षं हा आकडा चालत आला होता आणि त्यावर माणसं लग्नाच्या तिथी पुढेमागे करत होती.

माझा हिशेब तिथेच चुकला. आण्यांनी पाणी मोजलं जातं असं मी धरलं. सोळा आणे म्हणजे भरून वाहणारी नदी, आठ म्हणजे निम्मी. समोर दिसत होतं ते निम्मं असेल तर त्याच्या निम्मं झाल्याशिवाय बहिणीला त्यात घालण्यात शहाणपण नव्हतं. वर ढग पातळ होत होते. उद्या सकाळपर्यंत चार आणे होईल, आठ वाजता पलीकडे जाऊ, पुढे दीड कोस चालायचं, बाराच्या आत शाळा. कागदावर हा हिशेब बिनचूक होता.

म्हाताऱ्याने आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी कोण ते त्याला चावडीवर कळलं होतं. "अखबारवाले," तो म्हणाला, "पाण्यात घाबरल्यावर काय करता तुम्ही?"

मी म्हणालो, मी घाबरत नाही.

तो पुतण्याकडे पाहून हसला. मग हाच प्रश्न त्याने बहिणीला केला. ती म्हणाली, "हातपाय गप सोडते. मग पाणी कुठं नेतंय ते बघते."

त्याने मान हलवली आणि सांगड पाण्यात ओढायला लागला. जाता जाता म्हणाला, दोघंही बसा, आज जमतंय.

बहिणीचं पोहणं नवं नव्हतं. बदनापूरजवळ मामाच्या मळ्यात विहीर होती. उन्हाळ्यात तिथे सगळी मुलं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली. ती पहिल्या वर्षीच भोपळा सोडून विहिरीच्या कडेवरून उडी मारू लागली होती. मी काठावर बसून कोण किती वेळ पाण्याखाली राहतं ते मोजायचो. मला कुणी आग्रह केला नाही आणि मीही शिकलो नाही.

मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, "तो म्हणतोय ना. तीस वर्षं करतोय तो हे." मी घड्याळ, ढग आणि वडिलांनी टाकलेली जबाबदारी, तिन्ही पुढे केले. तिने बाभूळ गेली त्या वळणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पत्र्याच्या पेटीवर जाऊन बसली.

बांगड्यावाला एकटाच गेला. आपल्या दोन्ही पेट्या त्याने मांडीशी धरल्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत सांगड धारेत शिरली, आडवी झाली आणि खाली वाहत गेली. उतारासमोरचा पलीकडचा काठ तिला गाठता आलाच नाही. ती वळणाच्याही पुढे गेली. मला वाटलं, संपलं. पाऊण तासाने पलीकडच्या काठावरून तीन माणसं चालत येताना दिसली. दोघांच्या खांद्यावर बाज होती. बांगड्यावाल्याने आमच्याकडे बघून हात उंच केला आणि हातातली पेटी हलवून दाखवली. आवाज पोचत नव्हता, पण काच फुटली नाही हे तो सांगत होता, एवढं कळलं.

तरीही मी निर्णय बदलला नाही. उलट, सांगड उतार चुकून कुठेच्या कुठे गेली, हे मला माझ्याच बाजूचं वाटलं.

तो दिवस सरता सरला नाही. कुणाच्या तरी उकिरड्याजवळ गेल्या सालच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पडल्या होत्या. त्यांतली एक मी पाण्याच्या कडेला रोवली. तासाने पाहिलं तर पाणी तिच्यापासून चार बोटं मागे सरलं होतं. तिथे दुसरी रोवली. मग तिसरी. दर तासाला मी घड्याळ पाहायचो, तुराटी रोवायचो, वहीत वेळ आणि अंतर लिहायचो. मधल्या वेळात चावडी ते नदी फेऱ्या. बहीण पहिल्या दोन तुराट्यांना पाहायला आली, नंतर आली नाही. चावडीच्या ओट्यावर बसून ती नेमणुकीचा कागद घडीवर उलटी घडी घालून पुन्हा पुन्हा दुमडत होती. मी तिला सांगितलं, पाणी हातभर उतरलं. ती म्हणाली, "बरं."

संध्याकाळी पुन्हा भोयाला गाठलं. परतताना तो आणि पुतण्या वरच्या अंगाने पोहून आले होते. अंगावर घोंगडं घेऊन तो विडी ओढत होता. मी विचारलं, आता किती? मला पाच-सहा ऐकायची अपेक्षा होती.

तो म्हणाला, दहा.

मी म्हटलं, पाणी हातभर उतरलंय, मोजलंय मी. तो म्हणाला, "उतरून राह्यलं म्हणून तर दहा." आणि विडी विझवून उठला. मी त्या रात्री वहीत लिहिलं: भोयाचे अंदाज परस्परविरोधी, विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. ते पान माझ्याकडे बरीच वर्षं होतं.

सोमवारी पहाटे जाग आली ती आवाज बदलल्याने. दोन रात्रींचा तो जड, सपाट आवाज गेला होता. त्याच्या जागी तुटक, वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारे आवाज होते. कुठे आपटल्याचा, कुठे घशातून गुरगुरल्यासारखा. उजाडायच्या आत आम्ही दोघं काठावर होतो. शेवटची तुराटी पाण्यापासून दहा पावलं कोरडी उभी होती. माझ्या मोजमापात काहीच चूक नव्हती.

नदी निम्म्याहून अरुंद झाली होती. आणि उताराच्या खाली, जिथे काल नुसतं गढूळ सपाट पाणी होतं, तिथे सात काळे खडक वर आले होते. त्यांच्या मधून पाणी फुटून पांढरं होत होतं. दोन खडकांच्या मागे ते उलटं फिरत होतं. काल वाहून आलेला एक ओंडका तिथे अडकला होता. तो बुडायचा, उभा राहून वर यायचा, पुन्हा बुडायचा.

भोई आला, पाहिलं आणि म्हणाला, "चौदा. न्हाई."

साडेसहा वाजले होते. बारापर्यंत साडेपाच तास, त्यातला दीड कोस चिखलाचा. मी भोयाशी वाद घातला, आणि तो आवाज चढवून घातला हे नोंदवलं पाहिजे. काल पाणी जास्त होतं तेव्हा आठ, आज निम्मं आहे तेव्हा चौदा, हा कसला हिशेब? की कालचं भाडं बुडालं म्हणून आज अडून बसलाय? पुतण्याची मान वर झाली. म्हाताऱ्याने त्याला हातानेच गप केलं. तो रागावला नाही. त्याने मला खाली बसवलं आणि खडक दाखवले.

"ह्यांला म्हशी म्हणतो आम्ही," तो म्हणाला. "काल ह्या झोपल्या व्हत्या. पाणी वरून गेलं, कोणाला पत्ता न्हाई. वाहून गेलात तर वाहून गेलात, वळणाला लागता, चालत येता. आज ह्या उठल्या. आज वाहून जायला जागाच न्हाई. ह्या डोहातच काठ धरायला पायजे. चुकला तर म्हशीच्या शिंगावर."

परवा-तेरवा पाणी आणखी उतरेल, म्हशी कोरड्या पडतील, मग गुडघाभर पाण्यातून मुलंही जातील, तेव्हा दोन आणे, असं त्याने सांगितलं. वरच्या बाजूला का नाही, असं मी विचारलं. वर दोन्ही काठ काळ्या मातीचे, उभे आणि फुगलेले. पाय ठेवला की कडा अंगावर येतो. खाली तर म्हशीच.

मग त्याने ती गोष्ट सांगितली जी मी आदल्या दिवशी विचारायला हवी होती. आण्यांनी पाणी मोजत नाहीत. माणसातून पाणी किती मागतं ते मोजतात. भोई आपल्याला सोळा आणे धरतो. आठ आणे पाणी म्हणजे त्याचं निम्मं बळ, निम्मं ध्यान जाणार, निम्मं शिल्लक. बारा म्हणजे चार शिल्लक. ते चार तो कुणालाही देत नाही, ते परत येण्याचे. उतारू कोण आहे त्यावरही आकडा फिरतो. ओरडणारा, हात मारणारा, बाजेवर उभा राहणारा माणूस असला की वाढतो. नदी एकच, सकाळ एकच, पण प्रत्येकासाठी पाणी वेगळं.

बहीण इतका वेळ उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "बाबा, चौदा कोणाचे? दोघांचे?"

"दोघांचे. बाजेवर."

"आणि माझे एकटीचे? बाज नाही. नुसते भोपळे कमरेला."

म्हाताऱ्याने नदीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खडक नव्हे, वरचं डोहाचं पाणी पाहत होता. पुतण्या हळूच काही तरी म्हणाला. म्हाताऱ्याने एक बारीक काटकी पाण्यात टाकली आणि ती कुठे जाते ते नजरेने धरलं. मग दुसरी टाकली.

"अकरा," तो म्हणाला.

मी माझा आकडा विचारला. तो म्हणाला, "तुमचा न्हाई काढत."

पुढचा निर्णय कुणी घेतला ते सांगायची गरज नाही. वडिलांनी दिलेला अधिकार माझ्याकडे होता, त्याचा मी उच्चार केला. ती म्हणाली, "काल तू ठरवलंस. आज मी ठरवते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ती गावात गेली, भोयाच्या घरून एक मोकळी घागर मागून आणली. भोयाच्या बायकोने तिच्यासोबत कणीक मळून पाठवली. नेमणुकीचा कागद, परीक्षेचं प्रमाणपत्र आणि एक कोरडं लुगडं घागरीत कोंबलं, तोंडावर पत्र्याचं झाकण ठेवून कडेने कणीक थापली आणि वरून फडकं करकचून बांधलं. पेटी माझ्याकडे राहिली. भोयाने तिच्या कमरेला दोन भोपळे बांधले, ओढून पाहिले, पुन्हा सोडून बांधले. तिने कासोटा घट्ट खोचला आणि पदर कमरेला गुंडाळला.

तो तिला पुन्हा पुन्हा बजावत होता. कुणी जल्दी करा म्हणालं तरी जल्दी करायची नाही. तो ओरडला तर त्याच्याकडे बघायचं, काठाकडे बघायचं नाही. आणि काल तिनेच सांगितलं ते बराबर करायचं.

ती तिघं काठाकाठाने दोनशे पावलं वर गेली, एका करंजाच्या झाडापाशी, जिथे काठ जरा उतरता होता. मी घड्याळ हातात घेतलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खडकांच्या बाजूला उभा राहिलो. तिथे उभं राहून काय करता आलं असतं ते मला माहीत नव्हतं, पण वर उभं राहवेना. मग वर गेलो. मग पुन्हा खाली आलो.

पुतण्या पुढे, मध्ये ती, मागे म्हातारा. घागर म्हाताऱ्याच्या बगलेत. पात्राच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात काही घडलं नाही. तीन डोकी आणि पाठीमागे दोन पिवळे भोपळे तिरप्या रेषेत जात होते. मग धार लागली. रेषा मोडली. पुतण्या पलीकडे गेला आणि ती खाली सरकू लागली. ती जोर लावून हात मारत होती हे इथून दिसत होतं, आणि जितका जोर लावत होती तितकी ती खडकांकडे येत होती. म्हातारा काही तरी ओरडला. शब्द कळले नाहीत.

तिने हात थांबवले.

मी ते काठावरून पाहिलं आणि मला वाटलं, ती दमली. ती पाण्यावर उताणी झाली, पाय पुढे, तोंड आकाशाकडे, आणि तशीच वाहू लागली. पहिल्या खडकापासून ती फार तर पंधरा हात होती. पाणी तिथे खडकाला आपटून दोन्हीकडे फुटत होतं. त्याच फुटण्यातून एक पट्टा पलीकडच्या काठाकडे वळत होता. मला तो दिसला नव्हता, कारण मी पांढऱ्या पाण्याकडे पाहत होतो. तिला त्या पट्ट्याने उचललं आणि आडवं नेलं. मग तिने तीन-चारच हात मारले. पुतण्या तोवर काठाला लागला होता. त्याने गवताची मूठ धरून दुसरा हात पुढे केला. म्हातारा तिच्या मागून आला आणि त्याने तिला खालून ढकललं.

नऊ वाजून सतरा. सात मिनिटं. पहिली म्हैस तिच्या पायांपासून तीन हातांवर होती.

ती काठावर बसली, मग ओणवी होऊन ओकली, मग उठली. घागर म्हाताऱ्याने दाखवली. फडकं तसंच होतं. तिने माझ्याकडे पाहून हात केला, एकदाच, आणि ती तिघं चढ चढून दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे पाच तास मी त्या काठावर काढले. पेटी घेऊन करंजापर्यंत जायचं, परत यायचं. बारा वाजले तेव्हा घड्याळ हातात होतं. बारा वाजून गेले. ती बाराच्या आत पोचली की नाही याचा त्या काठावर कुठलाही पुरावा मिळण्यासारखा नव्हता. खडक आणखी वीतभर वर आले होते. ओंडका अजून तिथेच होता.

दोनच्या सुमारास म्हातारा आणि पुतण्या पलीकडे दिसले. ते बरेच वर जाऊन पाण्यात शिरले आणि, सोबत उतारू नसल्याने, सहज आल्यासारखे अलीकडे लागले. म्हातारा माझ्याशेजारी येऊन बसला. दम लागला होता. तो शाळेपर्यंत तिच्याबरोबर गेला होता. तिथल्या चावडीच्या मागे तिने कोरडं लुगडं नेसलं, कागद पुढे ठेवला. शाळेच्या भिंतीवर घड्याळ होतं.

"दोन्ही काटे अजून भेटले न्हवते," तो म्हणाला. "हेडमास्तर जेवायला उठून राह्यलते. बाई म्हणाल्या, आधी सही."

त्याने विडी शोधली. ती भिजली होती. पुतण्याने घरून आणतो म्हटलं आणि गेला.

मग म्हातारा म्हणाला, "अकरा म्हणलं व्हतं म्या. तेरा लागले."

हे त्याने न विचारता सांगितलं. त्याच्या चारांतला एक खर्च झाला होता, आणि ते तो लपवत नव्हता. मी विचारलं, दोन कशाचे वाढले?

"कालचे," तो म्हणाला.

कालच गेलो असतो तर बाराची घाई नसती, आणि धारेत तिने इतके हात मारले नसते. संध्याकाळच्या आत मी फाट्यावर होतो. बदनापूरला नकार कळवण्याचं पत्र वडिलांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. काठावर काय झालं ते मी घरी अर्धंच सांगितलं. अकराचा आकडा सांगितला, तेराचा नाही.

पुढे मी दैनिकात गेलो आणि काही वर्षं वार्ताहरांच्या बातम्या तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात रोज पुराच्या बातम्या येत. त्यांत एक वाक्य ठरलेलं असायचं: पुराचे पाणी ओसरू लागले असून धोका टळला आहे. मी 'ओसरू लागले आहे' इथे पूर्णविराम द्यायचो आणि पुढचं कापायचो. एका वार्ताहराने एकदा विचारलं की ओसरलं म्हणजे टळलाच ना? त्याला म्हटलं, पाणी ओसरलं हे तू पाहिलंस. धोका टळला हे कुणी सांगितलं ते लिही.

बहीण त्या शाळेत राहिली. पुढे हेडमास्तरीण झाली. पहिली काही वर्षं सुट्टीला येताजाता ती भोयाला विचारूनच नदी ओलांडायची. सत्तावन्न साली नवे पैसे आले, आणे गेले. तिने पत्रात लिहिलं की बाजारात सगळे गोंधळलेत, भाजीवाली सहा आण्यांचे किती ते मुलींना विचारते, पण नदी अजून जुन्याच आण्यांत वाहते आहे.

त्यानंतरच्या वर्षी पौषात मी तिच्याकडे गेलो. फाट्यावरून चालत उतारावर आलो. नदी पोटरीभर होती, खालची वाळू दिसत होती. सात खडक उन्हात कोरडे पडले होते आणि त्यांवर कुणीतरी लुगडी वाळत घातली होती. म्हातारा काठावर भोपळ्यांना तेल लावत बसला होता. आता तो पाण्यात उतरत नव्हता, पुतण्या नेत होता. आकडा मात्र अजून त्याचाच चालायचा. त्याने मला ओळखलं. मी चपला हातात घेतल्या आणि विचारलं, किती?

"पोरांला अर्धा आणा," तो म्हणाला. "तुमचं बघावं लागंल. पाण्यात घाबरल्यावर काय करता, अखबारवाले?"

मी म्हटलं, "घाबरतो."

त्याने भोपळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग तीन," तो म्हणाला. "चला."